वाईट बसणारे सुळे

बत्तिशीकाकांचं खरं नाव कॉलनीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यांनाही ते फारसं लागत नव्हतं. बँकेत सही करायची वेळ आली की तेवढं आठवायचं. धंदा कवळ्या करायचा, म्हणून बत्तिशीकाका. पहिल्यांदा कुणीतरी टवाळी म्हणून हे नाव ठेवलं असणार, पण टवाळी करणाऱ्यांचेही दात यथावकाश पडले आणि तेही त्यांच्याच दारात आले. तेव्हापासून नाव आदरानं घेतलं जायला लागलं.

बाकीचे लोक घरामागं जिथं मोटार ठेवतात तिथं काकांची कामाची खोली होती. लांब टेबल, घासायचं यंत्र, मेण वितळवायचा दिवा, गुलाबी पावडरीचे डबे आणि भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगा. नवीन माणूस आत आला की आधी त्या रांगा बघून दचकायचा आणि मग त्यात आपल्या शेजाऱ्याचा जबडा कुठला ते शोधायला लागायचा. प्लास्टरची धूळ काकांच्या भुवयांत कायमची बसलेली असायची. त्यामुळे ते होते त्याहून दहा वर्षांनी म्हातारे दिसायचे, आणि होते तेच काही कमी म्हातारे नव्हते.

काका थकले होते. आजारी नव्हते, तपासून घ्यावं असं काही नव्हतं. कामानं माणूस थकतो तेव्हा एक रात्र नीट झोपला की ताजातवाना होतो. काका झोपून उठायचे ते थकूनच उठायचे. चहा घ्यायचे, खोलीत जायचे, यंत्र चालू करायचे आणि पहिलं गिऱ्हाईक यायच्या आतच त्यांना वाटायचं, आज दिवस कधी संपणार? त्यातून गिऱ्हाइकं डोकं खाणारी. लोकांना वाटतं कवळी म्हणजे चप्पल, घातली की चालू पडायचं. चार दिवसांत सवय होत नाही म्हणून एक जण भांडायला यायचा, तर दुसरा कवळी कुत्र्यानं पळवली म्हणून. काका सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. तोंड उघडायला लावून भांडण बंद करायची सोय त्यांच्या धंद्यात होती, एवढं एक बरं होतं.

पण कामाला मात्र माणूस पक्का. त्यांच्या दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. एक म्हणजे कवळी आधी मेणात बसवून बघायची आणि गिऱ्हाइकाला साठापासून सत्तरपर्यंत मोजायला लावायचं. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट म्हणताना जीभ कुठं अडते, कुठून वारा सुटतो हे काकांना डोळे मिटूनही कळायचं. दुसरी गोष्ट फोटोची. ‘‘जुना फोटो घेऊन या,’’ ते प्रत्येकाला सांगायचे. ‘‘हसरा पाहिजे. दात दिसले पाहिजेत.’’ मग त्या फोटोतला वाकडा दात तसाच वाकडा, पुढं आलेला तसाच पुढं आलेला. नवे दात नवे दिसायलाच नकोत, माणसाला त्याचं स्वतःचं हसू परत मिळालं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. घरी गेल्यावर नातवंडं ओळखेनाशी झाली, असं त्यांच्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

आणि अशा माणसाची बायको बोळकी होती.

कॉलनीत यावर बोललं जायचंच. लोक तोंडावर बोलत नसत, पण काकांना पाठीवरही कान होते. काकू कुणाशी बोलताना हात तोंडावर धरायच्या, हसू आलं तर मान फिरवायच्या. बोलावणं आलं तर डोकं दुखतंय म्हणून घरीच राहायच्या. दोन जवळच्या मैत्रिणी होत्या, त्यांनीही हळूहळू विचारणं सोडून दिलं.

त्यांची मुलगी गेली त्याला सहा वर्षं झाली होती. घरात तिला चिमणी म्हणायचे. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं; वीस वर्षांची पोर. बाहेरच्या खोलीत तिचा फोटो होता, मोठ्यानं हसतानाचा. वरच्या पुढच्या दोन दातांत एक फट. ती फट आईकडून आलेली. लहानपणी चिमणी त्या फटीतून शिटी वाजवायची आणि काकूही तशीच शिटी वाजवून उत्तर द्यायच्या. स्वयंपाकघरातून एक, अंगणातून एक. काका मधल्या खोलीत बसून वैतागायचे. आता त्या वैतागाचीही त्यांना आठवण यायची.

मुलगी गेल्यावर काकूंनी सगळीच दुखणी अंगावर काढली. हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले, तरी दाखवायला चल म्हटलं की ‘‘बघू.’’ घरात दातांचा माणूस असून दीड वर्षात एकेक करत सगळे काढावे लागले. काकांनी मग जिवाचं रान करून कवळी केली. लग्नानंतरच्या वर्षीचा फोटो समोर ठेवला. फट नेमकी साधेना, दोनदा मेण उतरवलं, पुन्हा बसवलं. शेवटी साधली. असं काम आपल्या हातून पुन्हा होणार नाही असं त्यांना स्वतःलाच वाटलं. काकूंनी कवळी घातली, आरशासमोर गेल्या, उभ्या राहिल्या, परत आल्या आणि काढून त्यांच्या हातात दिली.

‘‘टोचतंय,’’ त्या म्हणाल्या.

‘‘कुठं?’’

काकूंनी गालाकडे हात केला, म्हणजे कुठंही. काकांनी घासली. तरी टोचत होती. मग नवा ठसा घेतला, दुसरी केली. मग तिसरी. चौथीच्या वेळी तर टाळूचा ठसा असा घेतला की रेघ न् रेघ उमटली. तीही टोचली. प्रत्येक वेळी काका तळ बदलायचे, कडा बदलायचे, उंची बदलायचे. फटीला तेवढा हात लावत नसत, कारण तीच एक गोष्ट पहिल्यापासून बिनचूक होती. चारही कवळ्या टेबलाच्या कप्प्यात पडून होत्या.

याचा परिणाम जेवणावर झाला. पूर्वी तिघं एका टेबलाशी बसायची. आता काकू काकांना वाढायच्या आणि स्वतः मागाहून, स्वयंपाकघराचं दार लोटून, भिंतीकडे तोंड करून दुधात भिजवलेला पाव नाहीतर काहीतरी पातळसं घ्यायच्या. काकूंचं गार होऊ नये म्हणून काका भराभर जेवायचे. बोळक्या तोंडाची त्यांना काय लाज? आयुष्य त्यातच गेलं होतं. ते तसं म्हणालेही होते. पण काकूंनी दार उघडं ठेवलं नाही. काकांना आता पैसा नको होता, नाव नको होतं. मरायच्या आधी एकदा ही समोर बसून जेवलेली दिसावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते कुणाकडे मागायचं हे मात्र त्यांना कळत नव्हतं.

अशात कॉलनीत सिनेमा आला.

कोपऱ्यावरचं रिकामं घर सिनेमावाल्यांनी भाड्यानं घेतलं आणि खिडक्यांना बाहेरून काळं कापड ठोकलं. आत भर दुपारी मध्यरात्र करायची सोय. सिनेमा रक्त पिणाऱ्या पिशाचांचा, पण विनोदी. कथा अशी की पिशाचांचं एक कुटुंब शहराच्या गोंगाटाला कंटाळून उपनगरात येतं. इथं निवांत रक्त प्यावं हा बेत. पण शेजारीपाजारी, कॉलनीच्या बैठका, पाण्याची टाकी कोण साफ करणार यावरची भांडणं आणि समोरच्या बाईच्या चौकशा यांनी त्या पिशाचांचंच रक्त आटतं. शेवटी त्यांना कळतं की अख्खी कॉलनी आधीपासूनच पिशाचांची आहे. ही कथा ऐकून कॉलनीच्या सेक्रेटरीला राग आला आणि बाकी सगळ्यांना ती पटली.

सुळे करायला माणूस हवा होता. दिग्दर्शिका स्वतःच काकांकडे आली. काडीसारखी बाई, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. काकांना वाटलं, हीच पिशाच होणार असेल. ती फळ्यांवरचे जबडे बघून हरखून गेली.

‘‘काका, हे सगळं सिनेमात घेता येईल?’’

‘‘नाही. गिऱ्हाइकांचे आहेत,’’ काका म्हणाले. ‘‘सुळे किती पाहिजेत ते सांगा.’’

पिशाचांच्या बापाचं काम एक जाडजूड नट करत होता. काकांनी त्याचा ठसा घेतला, पातळ तळ केला, त्यावर सुळे चढवले, मेणात बसवून बघितले, साठापासून सत्तरपर्यंत मोजून घेतलं. नट खूश. ‘‘काका, तोंडात काही आहे असं वाटतच नाही!’’ म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी त्याच सुळ्यांनी तो जेवलाही.

संध्याकाळी दिग्दर्शिका डोकं धरून काकांकडे आली.

‘‘काका, घोळ झालाय. तो ‘सावध राहा, सूर्यास्त झाला’ असं म्हणतो ना, ते अगदी स्वच्छ म्हणतो.’’

‘‘म्हणणारच,’’ काका म्हणाले.

‘‘अहो, पण विनोदी सिनेमा आहे हा! त्याचे दात त्याला आवरायलाच नकोत. बोलताना थुंकी उडायला हवी, शब्द घसरायला हवेत. इतके छान बसले तर लोक हसणार कशाला?’’

‘‘बाई, मी चाळीस वर्षं दात बसवतोय.’’

‘‘म्हणूनच हात जोडून सांगते,’’ ती म्हणाली. ‘‘यावेळी जरा वाईट बसवा.’’

एखाद्या आचाऱ्याला जेवण करपवून दे म्हणावं तशी गत. काका खोलीत जाऊन बसले. एकदा तळ सैल केला, तर हातांनी आपसूकच कडा सावरून घेतल्या. पुन्हा बिघडवायला घेतला, पुन्हा नीटच झाला. दोन सुळे बिघडवता बिघडवता त्यांच्या नाकी नऊ आले. जेवताना त्यांनी ही कैफियत काकूंना सांगितली. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हात तोंडावर.

‘‘वाईट बसवायचे म्हणजे कसे बसवायचे, मला कळतच नाही,’’ काका म्हणाले.

‘‘माझे केलेत तसे करा की,’’ काकू हाताआडून म्हणाल्या. ‘‘मला कुठं बसले?’’

आणि त्या हसल्या. मान फिरवून, खांदे हलवत, पण हसल्या. सहा वर्षांत या घरात असा आवाज झाला नव्हता. काकांना हसावं की रडावं कळेना. जेवण टाकून ते खोलीत गेले, कप्प्यातून चौथी कवळी काढली आणि काकूंच्या जबड्याच्या साच्यावर ठेवून बघितली. केसही आत जाणार नाही अशी बसत होती. मग टोचते कुठं? या प्रश्नापुढं त्यांनी कधीच हात टेकले होते. त्यांनी दिवा मालवला.

नटाचे नवे सुळे शेवटी जमले. काकांनी दातांच्या मागं मुद्दाम जाड गोळा ठेवला, जिभेला वाटच राहिली नाही. ‘‘शावध लाहा,’’ असं नट गरजला आणि समोरच्या माणसाच्या चष्म्यावर थुंकी उडाली. सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली, टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच काकांच्या वाईट कामाला टाळ्या मिळत होत्या. ते कोपऱ्यात ओशाळून उभे राहिले.

मग शेवटच्या प्रसंगाची तयारी सुरू झाली. कॉलनीची बैठक भरलीय आणि सगळेच सुळे दाखवतात, असा प्रसंग. त्यात कॉलनीतलीच माणसं घ्यायची होती. दिग्दर्शिका यादी करायला काकांकडे बसली असताना काकू चहा घेऊन आल्या, अर्थात एक हात तोंडावर.

‘‘काकू, तुम्ही का नाही येत?’’

‘‘मला दातच नाहीत,’’ काकू म्हणाल्या. काकांना वाटलं, आता ही आत जाणार आणि दोन दिवस बोलणार नाही.

‘‘मग तर फारच सोयीचं,’’ दिग्दर्शिका म्हणाली. ‘‘बाकीच्यांचे खरे दात मध्ये येतात.’’

असलं कुणी काकूंना आजवर बोललं नव्हतं. त्या ट्रे धरून उभ्याच राहिल्या. मग काकांकडे वळून त्यांनी विचारलं, ‘‘फोटो लागणार नाही ना?’’

‘‘पिशाचाचा कसला फोटो!’’ काका म्हणाले. ‘‘ते म्हणे आरशातसुद्धा दिसत नाहीत.’’

‘‘मग करा,’’ काकू म्हणाल्या आणि ट्रे ठेवून आत गेल्या.

वेळ फार नव्हता. अजून आठ-दहा जणांचे सुळे व्हायचे होते. काकांनी काकूंचा चौथा साचा फळीवरून उतरवला आणि त्याच्यावरच तळ केला. डब्यातले तयार दात घेतले, कुणाचेही नसलेले, एकसारखे, आणि ओळीनं लावून टाकले. दोन्हीकडे दोन लांब सुळे. खाली साधी कवळी. फोटो बघितला नाही, मेणात बसवून पाहिलं नाही, मोजायलाही लावलं नाही. एका दिवसाची तर गोष्ट. काकूंनी ती पिशवीत टाकली आणि रंगभूषेच्या खोलीत जाऊन घातली. कोपऱ्यावरच्या त्या घरातले सगळे आरसे दिग्दर्शिकेनं आधीच काढून ठेवले होते. चुकून एखाद्यात पिशाच दिसलं असतं तर पंचाईत झाली असती.

त्या दिवशी काका चिकटवायच्या पावडरीची डबी आणि छोटी कानस घेऊन दाराशी उभे होते. सारखं कुणीतरी हाक मारायचं. सेक्रेटरीचा सुळा निसटून फाइलवर पडला. समोरच्या बाईंना सुळ्यांसकट बोलणं थांबवता येईना. काकू तिसऱ्या रांगेत होत्या. इशारा झाला की सगळ्यांनी एकदम दात विचकायचे होते. पहिल्यांदा इशारा झाला तेव्हा काकूंचा हात सवयीनं तोंडाकडे गेला.

‘‘काकू, हात खाली!’’ दिग्दर्शिका ओरडली. ‘‘सुळे दिसू देत!’’

दुसऱ्यांदाही हात गेला. तिसऱ्यांदा अर्ध्यात थांबला. त्यानंतर काकूंनी असे दात विचकले की पुढच्या रांगेतल्या माणसानं मागं वळून बघितलं आणि तो खरोखरच घाबरला. त्यावरून जे हसणं सुरू झालं ते आवरेना. काकू सगळ्यांच्या देखत, तोंड उघडं टाकून हसत होत्या.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. अंगणात लांब टेबल मांडलं होतं. बरेच जण सुळे काढून बशीत ठेवून जेवायला बसले. काकूंनी काढले नाहीत. जुन्या दोन मैत्रिणी त्यांच्या दोन बाजूंना बसल्या होत्या, त्यांच्याही गालांवर लाल रंग. काका दारातून बघत होते. काकूंनी पावाचा तुकडा मोडला, चावला. मग मूठभर भाजलेले शेंगदाणे घेतले. मागच्या दाढांवर हळूहळू चावून खाल्ले आणि बोलता बोलता पुन्हा वाटीत हात घातला.

काकांचं मन भरून आलं. डबी खिशात घालायचंही भान त्यांना राहिलं नाही. शेंगदाणे! कवळीवाल्याला विचारा शेंगदाणे म्हणजे काय ते. एक बारीक तुकडा तळाखाली गेला तरी माणसाच्या डोळ्यांतून पाणी येतं.

आणि मग त्यांच्यातला कारागीर जागा झाला. हा तळ चौथ्या साच्यावरचा. कप्प्यातली कवळीही त्याच साच्यावरची. तोच तळ, त्याच कडा, तीच उंची. चौथी टोचत असेल तर हीही टोचायलाच हवी. ही टोचत नाही. म्हणजे ती कधीच टोचत नव्हती. कोपऱ्यात रंगभूषावाल्याचं स्टूल होतं, त्यावर ते बसले.

घरी आल्यावर काकूंनी तोंड धुतलं, रंग उतरवला. सुळे तोंडातच होते. दोघांसाठी सूप गरम केलं, पाव कापला आणि दोन ताटल्या टेबलावर ठेवल्या. दोन. मग त्या काकांच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. इतक्या वर्षांचं मागणं काकांच्या समोर येऊन बसलं होतं, आणि त्यांनी अजून चमचाही उचलला नव्हता.

‘‘कधीच टोचत नव्हती ना?’’ त्यांनी विचारलं.

काकूंनी चमचा खाली ठेवला. ‘‘नाही.’’

‘‘मग चार वेळा...’’

‘‘अहो, पहिल्या दिवशी घातली आणि आरशात बघितलं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘आरशात चिमणी हसत होती. माझ्या तोंडात तिचे दात. रोज सकाळी उठून तिला तोंडात घालायचं, तिनं जेवायचं, रात्री तिला पाण्याच्या वाटीत ठेवायचं. मला नाही हो जमलं ते.’’

‘‘मला सांगायचं होतंस. एका दिवसात फट बुजवली असती.’’

‘‘तुम्ही ती फट किती जपून केलीत ते बघितलं होतं मी. दारातून बघत होते. तुम्ही मेण लावत होतात आणि रडत होतात. दुसऱ्या वेळेस वाटलं, आता तरी बदलतील. तुम्ही सगळं बदललंत, ती तेवढी ठेवलीत. मग कळलं, ते दात माझ्यासाठी नव्हतेच. तुम्हाला तिला बघायचं होतं. तुम्हाला नको कसं म्हणू? म्हणून टोचतं म्हणाले.’’

काकांना बोलायचं होतं की तसं नाही, तुझा फोटो होता, लग्नानंतरचा. पण काम करताना आपल्याला कुणाचं हसू दिसत होतं हे त्यांना त्या टेबलाशी बसल्या बसल्या स्वच्छ आठवलं. ते शरमले. आपण हिच्या तोंडात मुलगी ठेवत होतो, आणि ही चार वर्षं भिंतीकडे तोंड करून जेवत होती, तेही आपलं मन मोडू नये म्हणून. त्यांनी चेहरा हातांत धरला आणि म्हातारा माणूस रडतो तसे, आवाज न करता रडले. काकूंनी त्यांना रडू दिलं.

‘‘आता आल्यावर आरशात बघितलंस?’’ डोळे पुसून त्यांनी विचारलं.

‘‘बघितलं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘ओळखीचं कुणी नव्हतं. बरं वाटलं.’’

मग त्यांनी दोन्ही कवळ्या तोंडातून काढल्या, पुसल्या आणि वरची काकांपुढं सरकवली. बोळक्या तोंडानं म्हणाल्या, ‘‘सुळे तेवढे घासा. बाकी आहे तसं राहू दे.’’

काका उठून खोलीत गेले. यंत्र लावलं. सुळे बाजूच्या दातांच्या पातळीवर यायला फार वेळ लागला नाही. धूळ भुवयांवर बसली. कवळी धुऊन ते परत आले, काकूंच्या हातात दिली आणि समोर बसून डोळे मिटून घेतले.

‘‘मोज,’’ ते म्हणाले.

‘‘साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट...’’

आवाज तिचाच होता, पण वारा कुठूनही सुटत नव्हता. लग्न झाल्यापासून हिच्या प्रत्येक ‘स’मागं एक बारीकशी शिटी असायची, पोरीच्या बोलण्यातही तीच होती. काका कान देऊन ती ऐकायला बघत होते. ती पासष्टाला आली नाही, सदुसष्टालाही आली नाही. काकू सत्तरपर्यंत मोजून थांबल्या. आता ती शिटी जगात कुठंच नव्हती.

‘‘कसे बसलेत?’’ काकूंनी विचारलं.

काकांनी डोळे उघडले. समोर एकसारख्या, सरळ दातांची एक बाई बसली होती. तिचं हसू त्यांच्या ओळखीचं नव्हतं. ती त्यांच्याकडे बघून हसत होती आणि तिचे दोन्ही हात टेबलावर होते.

‘‘चांगले बसलेत,’’ काका म्हणाले.

‘‘मग जेवा आता,’’ काकू म्हणाल्या. ‘‘सूप गार झालं.’’